सातवा धरायचा नाही

आधी सरांचं सांगतो, काय झालं ते मागाहून. काय झालं ते मला अजून नीट उमगलेलं नाही, पण भिवंडीत मी कोणामुळे टिकलो ते पक्कं माहीत आहे. सरांमुळे. राहनाळच्या रस्त्याला कुणालाही नुसतं ‘सर’ म्हटलं की तो त्यांच्याच घराकडे बोट दाखवायचा. काकू, म्हणजे त्यांची बायको, त्यासुद्धा त्यांना सरच म्हणायच्या. भांडतानासुद्धा. “सर, तुमचं डोकं फिरलंय,” असं त्या म्हणायच्या आणि सर मान डोलवायचे, जणू वर्गातल्या हुशार मुलीनं बरोबर उत्तर दिलंय.

मी हिंगोलीकडचा. शाळा नववीत सोडली. मास्तर वाईट नव्हते, मीच घाबरट. फळ्यासमोर उभं केलं की कानात घूं व्हायचं. पुढं गावातल्या एका माणसाबरोबर भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोडाऊनमध्ये खोके चढवायला-उतरवायला आलो, तेव्हा विशी लागायची होती आणि मिशीचा पत्ता नव्हता. तो माणूस चार दिवसांत कंटाळून गावी परत गेला. मी राहिलो, कारण परत कसं जायचं याचीही भीती वाटत होती.

खोली शोधत शोधत सरांच्या चाळीत पोचलो. बाकीचे मालक आधार कार्ड मागायचे, डिपॉझिट मागायचे, बायको आहे का विचारायचे. सर अंगणात उभे राहून केळं खात होते. ते उभ्यानंच खायचे, बसून खाल्लं की अन्न गुडघ्यात जातं म्हणायचे. गळ्यात शिट्टी, पायात बूट, कमरेला लुंगी. त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “त्या टाकीला हात लावून पळत ये.”

मला वाटलं चोर समजतात की काय. पण पळालो. परत आलो तेव्हा श्वास घशात अडकला होता.

“दम लागतो तुला,” सर म्हणाले.

“हो.”

“चांगलं हाय. ज्याला लागत न्हाय तो खोटं पळतो. खोली शेवटची घे. नळ गळतो. गाव कंचा?”

मी सांगितलं. त्या दिवसापासून माझं नाव ‘हिंगोली’ पडलं. सर कुणालाच नावानं हाक मारत नसत. खेळायला येणाऱ्या पोरांना ते घरच्या धंद्यावरून ओळखायचे. ज्याच्या बापाचं औषधांचं दुकान तो ‘मेडिकल’, ज्याच्या बापाचा टेम्पो तो ‘टेम्पो’. आणि एक होता ‘सायझिंग’. लूमवर म्हणजे यंत्रमागावर चढवायच्या आधी सुताला कांजी पाजतात, त्या सायझिंगचा त्याच्या वडिलांचा कारखाना होता. मैदानावर नुसता बाजार भरल्यासारखं वाटायचं. “मेडिकल, टेम्पोला दे! सायझिंग, झोपलास काय रं?”

मैदान म्हणजे सरांच्या वाटणीची जमीन. एके काळी तिथं भात होता. डाव्या बाजूची जमीन थोरल्या भावाची, उजवीकडची धाकट्याची. दोघांनीही ती गोडाऊनला भाड्यानं देऊन टाकली होती. दोन्हीकडे पत्र्याच्या उंच भिंती आणि मधे सरांचं मैदान, दोन ट्रकांमध्ये सायकल अडकावी तसं. सर जवळच्या हायस्कूलमध्ये पीटी शिकवायचे. शाळेनं आपल्या मैदानावर नवी इमारत बांधली तेव्हा सर पोरांना घेऊन इकडं आले. निवृत्त झाले तरी पोरं येत राहिली. गोलपोस्ट भंगारात निघालेल्या लूमच्या पाइपांचे, जाळी टाकाऊ सुताची. बॉल जोरात गेला तर जाळी फाडून थेट धाकट्या भावाच्या पत्र्यावर धाडकन आदळायचा, आणि आतून वॉचमन हिंदीत शिव्या द्यायचा. सर त्याला इथूनच ओरडून विचारायचे, “गोल हुआ ना? फिर?”

मैदानाच्या रेषा सर कांजीनं आखायचे. चुना लागला की पोरांच्या सोललेल्या गुडघ्यांना आग होते, म्हणून सायझिंगमधून उरलेली कांजी बादलीत यायची. दुपारपर्यंत ती वाळून छान पांढरी दिसायची. पण रात्रीतून शेजारच्या बकऱ्या येऊन रेषा चाटून जायच्या. सकाळी बघावं तर मधलं वर्तुळ अर्धं गायब. सर कमरेवर हात ठेवून पाहायचे आणि गंभीरपणे जाहीर करायचे, “आज पेनल्टी न्हाय. बॉक्स बकरीनं खाल्ला.” आणि खरोखर त्या दिवशी पेनल्टी द्यायचे नाहीत. ते गमतीनं म्हणायचे की मनापासून, हे मला कधीच कळलं नाही. त्यांचं अर्धं बोलणं मला तसंच वाटायचं.

शिट्टी त्यांच्या गळ्यातून उतरायची नाही. पुतण्याच्या हळदीला डीजे एवढा वाजत होता की खोलीतली भांडी थरथरत होती. सगळं गाव नाचत होतं. सर शांतपणे मधे गेले आणि लांब शिट्टी मारली. डीजे बंद, पोरं थबकली, नवरदेव हळदीच्या हातांनी तसाच उभा. सर म्हणाले, “पानी प्या सगळे. मग दुसरा हाफ.” आणि लोक खरंच पाणी प्यायले.

आता माझं सांगतो. भिवंडीत आल्यावर माझं घाबरणं वाढलं होतं. धामणकर नाक्यावर रस्ता ओलांडताना मी शेअर रिक्षांच्या गर्दीत मधेच थिजायचो. सुपरवायझरनं हाक मारली की खोक्यांच्या थप्पीमागे सरकायचो. सरांनी हे पाहिलं असणार, कारण एका सकाळी त्यांनी मला खोलीतून उठवलं आणि गोलमध्ये उभं केलं.

“सर, मला खेळता येत नाही.”

“खेळ कोन म्हनतो? उभा रहा. खोकी झेलतोस ना दिवसभर? हा गोल खोका समज.”

“मला भीती वाटते, सर.”

“वाटू दे. फकस्त बॉलची वाटू दे. एका टायमाला एकच भीती. दुसरी आली तर तिला सांग, आज जागा न्हाय.”

मी हसलो नाही. आजही हसत नाही. नाक्यावर उभा राहिलो की मी एकच रिक्षा निवडतो आणि फक्त तिलाच घाबरतो. मग ओलांडता येतं. हे कोणत्या पुस्तकात आहे का माहीत नाही, सरांकडे होतं.

अशी रोज सकाळी, ड्युटीच्या आधी, मी आणि चाळीतले आणखी दोघंतिघं पोरांसमोर उभे राहायचो. कारण पोरांना समोर कुणीतरी लागतं आणि पोरं कमी होत चालली होती. मी आलो तेव्हा दोन्ही बाजू भरून उरायच्या. नंतर एकेक गळायला लागला. कुणाला क्लास लागला, कुणाच्या आईला ऊन बाधतं असं वाटायला लागलं. कुणी जिमला गेला. जिमवर सरांचा फार राग. “तिथं आरसा असतो,” ते म्हणायचे. “मैदानात आरसा न्हाय. दुसऱ्याच्या तोंडावर बघावं लागतं आपन कसे दिसतो.” क्रिकेटवाले लाइट लावलेल्या टर्फवर तासाच्या भाड्यानं खेळायला जायचे. सरांना ते समजायचंच नाही. “पळायचे पैसे?” असं विचारून ते माझ्याकडेच पाहायचे, जणू दर मी ठरवलाय.

काकूंचं म्हणणं वेगळं होतं, आणि खोटं नव्हतं. दोन्ही दिरांनी स्लॅबची घरं बांधली. ह्यांचं कौलारू घर गळायचं. मुलगा कल्याणला नोकरीत कुढत होता, जागा भाड्यानं द्या, मी धंदा बघतो, म्हणत होता. काकू मला एकदा अंगणात तांदूळ निवडताना म्हणाल्या, “मी काय वाईट हाय का रं, हिंगोली? पोरं येतात तोवर माझी ना न्हाय. पन नुसतं गवत राखायला जमीन ठेवायची, हे मना पटत न्हाय.”

शेवटी दोघांत ठरलं. ठरवलं सरांनीच. फुटबॉलच्या नियमात एका बाजूला निदान सात जण असल्याशिवाय मॅच सुरू होत नाही. तेव्हा दर रविवारी सकाळी, खेळ सुरू व्हायच्या शिट्टीला, काकूंनी चाळीच्या गच्चीवरून मोजायचं. शाळेची सात पोरं असली तर मैदान राहील. ज्या रविवारी सहा भरतील त्या दिवशी जमीन गोडाऊनला.

“चाळीतले धरायचे न्हाय,” सर स्वतःच म्हणाले. “मोठी मानसं पोटासाठी वाकतात. ती मोजनीत न्हाय.”

काकू म्हणाल्या, “बघा हां. मी मोजीन. मग रडू नका.”

मी मनात म्हटलं, हा माणूस स्वतःविरुद्ध नियम का करतो?

पुढचे काही महिने दर रविवारी काकू चहाचा कप घेऊन गच्चीवर यायच्या, बोटं हलवायच्या आणि खाली जायच्या. आठ असायचे, कधी नऊ. दहावीचं वर्ष सुरू झालं तसे बरोबर सात. सातवा सायझिंग. तोही बंद होणार असं कळलं तेव्हा सर मला घेऊन त्याच्या घरी गेले. मला का नेलं तर पुरावा म्हणून. त्याच्या अम्मीनं सरबत दिलं, डोक्यावरून ओढणी सारखी केली आणि आदरानंच म्हणाली, “सर, तुमी याच्या मोठ्या भावाला शिकवलंत, तुमाला न्हाय कसं म्हनू? पन दहावी हाय. पाय-बिय मोडला तं?”

“पेपर हातानं लिवतात,” सर म्हणाले.

ती हसली. मग सरांनी मला पुढे केलं. “ह्याला बघा. आला तेव्हा रस्ता ओलांडता येत नव्हता. आता बॉल अंगावर घेतो.”

मी सरबताचा ग्लास धरून उभा. काय चेहरा करावा कळेना.

तेवढ्यात सायझिंग बाहेर आला, हातात मोबाइल, त्यात फुटबॉलचा गेम चाललेला. सरांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. “बरा खेळतोस. ह्यात घाम कुठं येतो?”

“अंगठ्याला येतो, सर.”

सर इतके हसले की शिट्टी छातीवर नाचायला लागली. जाताना पोरगा म्हणाला, प्रिलिमपर्यंत रविवारी येईन. परतीच्या वाटेवर सर थांबले. म्हणाले, “हिंगोली, त्यांना पळायला आवडत न्हाय, की पळून कुठं जायाचं ते कळत न्हाय?” मी म्हटलं, “मला नाही माहीत, सर.” ते म्हणाले, “मना पन.”

आता तो रविवार.

आदल्या दिवशी माझ्या गोडाऊनमध्ये सरकते पट्टे बसवले होते आणि ठेकेदारानं सांगितलं होतं की पुढच्या महिन्यापासून निम्मी माणसं कमी. कमी होणाऱ्यांत मी होतो. रात्री मी सरांना सांगितलं की गावी जावं लागेल. तिथं काय करणार, ते मलाच ठाऊक नव्हतं. सर केळं सोलत होते. एवढंच म्हणाले, “सकाळी लवकर ये. बकऱ्यांनी सगळ्या रेषा खाल्ल्यात.”

सकाळी गेलो तर मैदान कोरं. पोरं सहाच, सायझिंग नाही. शिट्टीची वेळ झाली. सरांनी घड्याळ पाहिलं, शिट्टी ओठांत धरली. काकू अजून गच्चीवर यायच्या होत्या. मी विचार केला नाही. कुंपणावर एक जादा जर्सी वाळत होती ती अंगात चढवली आणि पोरांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. मी अंगानं किरकोळ, वरून पाहिलं तर पोरच दिसणार. मेडिकलनं मला पाहिलं, टेम्पोला कोपरानं ढोसलं, आणि दोघंही माझ्या पुढेमागे झाले.

सरांनी शिट्टी मारली. काकू वर आल्या. बोटं हलवली. मला त्यांचे ओठ दिसत होते. सातावर थांबल्या, चहाचा घोट घेतला आणि वळल्या.

आणि सर ओरडले, “ए, थांब! सहा हायेत! सातवा आपला भाडेकरू हाय. सातवा धरायचा न्हाय!”

पोरांच्या माना गच्चीकडे वळल्या. पलीकडचा वॉचमनसुद्धा पत्र्याच्या फटीतून पाहायला लागला. काकू कठड्याशी आल्या. “काय म्हनता?”

“सहा. मोज परत.”

काकूंनी परत मोजलं नाही. सरांनी लांब शिट्टी मारली, खेळ संपल्याची. अजून कुणी बॉलला पाय लावला नव्हता.

तेवढ्यात फाटकातून सायझिंग आला. धापा टाकत, दोन्ही हातांनी बादली सांभाळत, पायांवर कांजी सांडलेली. “सर, कारखान्याला कुलूप होतं. चावी आणायला परत घरी जावं लागलं. आणली कांजी.” सरांनीच त्याला पहाटे फोन करून सांगितलं होतं की येताना कांजी घेऊन ये, रेषा आखल्याशिवाय खेळ नको.

काकू वरूनच म्हणाल्या, “अहो सर, हा आला की! झाले सात. मी धरते, जा खेळा.”

मला अजून आठवतं, त्यांचा आवाज विनवल्यासारखा होता. ज्या बाईला ती जमीन गोडाऊनला द्यायची होती ती विनवत होती.

सर म्हणाले, “शिट्टी झाली तेव्हा सहा होते.”

“असे कसे हो तुमी?”

“नियम हाय.”

मग त्यांनी सायझिंगच्या हातातून बादली घेतली आणि वाकून रेषा आखायला लागले. मधलं वर्तुळ, दोन्ही बॉक्स, कोपरे, सगळं नीट. पोरं उभी राहून बघत होती. टेम्पो रडत होता, पण त्याचं नाक नेहमीच वाहायचं, म्हणून खात्रीनं सांगता येत नाही. आखून झाल्यावर सरांनी हात धुतले आणि बकऱ्यांच्या मालकाच्या घराकडे बघून म्हणाले, “या आता. पोटभर खा.”

पुढच्या पावसाआधी तिथं गोडाऊन उभं राहिलं. घराला स्लॅब पडला. मुलगा कल्याणहून परत आला. आणि मला त्याच गोडाऊनमध्ये काम मिळालं. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचं बघायचं, कायमचं काम. काकूंनी नंतर सांगितलं की गोडाऊनवाल्याशी बोलताना सरांनी भाड्याचा विषय मुलावर सोडला आणि स्वतः एकच गोष्ट मागितली: “गेटवर आमचा हिंगोली राहील. हातात आलेलं सोडत न्हाय तो.”

मी गावी फोन केला. माय म्हणाली, “कोण रे ते सर? आपले कोण लागतात?”

तेव्हापासून माझ्या डोक्यात गोंधळ आहे. त्यांनी ते मैदान माझ्या कामासाठी सोडलं का? आदल्या रात्री मीच त्यांना सांगितलं होतं. पण मग मी सातवा होऊन उभा राहिलो ते त्यांना कसं वाटलं असेल? की पोरांची घरं फिरून ते थकले होते आणि त्यांना एक शिट्टी पुरेशी झाली? कांजी आणायला सायझिंगलाच पाठवलं हे विसरले होते का? विसरणारा माणूस नव्हे तो. एकदा धीर करून विचारलं, “सर, माझ्यासाठी केलंत का?”

“तू कोन लागतोस माझा?” ते म्हणाले. “नळ गळतो त्या खोलीतला भाडेकरू.” आणि केळं पुढे केलं.

मी परत विचारलं, “मग का?”

“शाळेचं पोरगं म्हनून तुला धरला असता, तर पुढच्या रविवारी पन तुलाच धरावा लागला असता. मग पोरांना कशाला बोलवायचं?”

हे मला तेव्हा पटलं. खोलीवर गेल्यावर पटेनासं झालं. आज लिहिताना परत थोडं पटतंय.

सर अजून रोज येतात. लुंगी, बूट, शिट्टी. ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला शिट्टीनं दिशा दाखवतात. कुणी जोरात आणला तर खिशातून पिवळं कार्ड काढून त्याच्या काचेसमोर धरतात. बाहेरगावचे ड्रायव्हर गोंधळतात, आरटीओचा माणूस समजून खाली उतरतात. गोडाऊनच्या आत फरशीवर पिवळ्या रेषा रंगवल्यात, माल कुठं ठेवायचा त्याच्या. पहिल्यांदा आत आले तेव्हा सर त्या रेषेवरून पाय न चुकवता पार कोपऱ्यापर्यंत चालत गेले, आणि म्हणाले, “कोपरा बरोबर हाय. पन ही बकरी खानार न्हाय.”

गेटला आडवा दांडा आहे, गाडी आली की मी वर उचलतो. तो आमच्या गोलपोस्टचा वरचा पाइप आहे, लूमचा. सरांनीच तो भंगारवाल्याकडून परत आणला. दिवसभर मी त्याच्याखाली उभा असतो, म्हणजे एका अर्थी अजून गोलमध्येच आहे. सायझिंग मागच्या महिन्यात भेटला, कॉलेजला जातो, पोट सुटलंय. म्हणाला, “आता जिना चढलो तरी दम लागतो, हिंगोलीभाई.” मी म्हटलं, “चांगलं आहे.” तो हसला, त्याला सरांचं बोलणं आठवलं असावं.

सरांनी मला खोली दिली, काम दिलं, रस्ता ओलांडायला शिकवलं. हे मी पैशानं फेडू शकत नाही आणि ते घेणारही नाहीत. पण एक दिवस मी त्यांना सात पोरं आणून देणार आहे. चाळीतल्या बिऱ्हाडांची, ड्रायव्हरांची, माझ्या गावाकडची, लग्न झालं तर माझी स्वतःची, कुठलीही. खरी शाळेत जाणारी, खरा दम लागणारी. त्यांना मी ओळीनं सरांसमोर उभं करीन आणि काकूंना गच्चीवर बोलवीन मोजायला. मैदान कुठलं, ते मला अजून माहीत नाही. कांजी कुठून आणायची ते माहीत आहे. आणि या वेळी आदल्या रात्रीच आणून ठेवीन.